आमची वाटचाल : कट्टा फोडून किलोभर बटाट्याचं बेणं विकायची गोष्ट

२०१६ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. आमचं मंचरजवळ खताबियाण्याचं छोटं दुकान, अण्णांनी टाकलेलं, त्याआधी अण्णा बटाटा बेण्याच्या (म्हणजे लावायच्या बटाट्याच्या) आडतीवर हिशेब लिहायला होते त्यामुळे बेणं हा घरातलाच विषय. तर कोथरूडहून एक रिटायर्ड काका आले, गाडी बाहेर लावली आणि म्हणाले मला किलोभर बटाट्याचं बेणं द्या, गच्चीत लावायचंय. अण्णा हसले. आमच्याकडे बेणं म्हणजे ५० किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, तो शिवलेलाच येतो आणि शिवलेलाच जातो, शेतकरी १० कट्टे २० कट्टे नेतो. काका म्हणाले अहो पुण्यात सगळ्या नर्सऱ्या फिरलो, कुणी देत नाही, शेवटी किराणा दुकानातले बटाटे लावले तर दीड महिना झाला तरी मोड नाही. मी आपला कट्टा फोडला आणि किलोभर मोजून दिलं. उरलेले ४९ किलो कोण घेणार यावरून अण्णांनी संध्याकाळी बरंच ऐकवलं ते वेगळं.

पण ते डोक्यात बसलं. खेड आंबेगावच्या पट्ट्यात, सातगाव पठारावर, पावसावरचा बटाटा किती होतो हे सगळ्यांना माहीत आहे, जूनमध्ये मंचरला बेण्याच्या ट्रकची रांग लागते, आणि तिथून ६०-७० किलोमीटरवर पुण्यात माणसाला किलोभर बेणं मिळत नाही. म्हटलं करून बघू.

जे लोक पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी, बाजारातला खायचा बटाटा का लावायचा नाही ते सांगतो, कारण हा प्रश्न रोज येतो. एक तर मोड येऊ नये म्हणून काही कोल्ड स्टोअरेजमध्ये खायच्या बटाट्यावर औषध मारतात, तो तुम्ही कितीही कुरवाळा, उगवत नाही. दुसरं म्हणजे व्हायरस. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर रोग नेतो आणि तो बटाट्यात राहतो, वरून दिसत नाही, पुढच्या वर्षी पानं गोळा होतात आणि खाली गोट्या लागतात. म्हणून तर आपलं बेणं जालंधरकडून येतं. तिकडे थंडीत मावा कमी असतो तेवढ्या काळात पीक वाढवून घ्यायचं आणि जानेवारीत मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा, ही पद्धत सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने बसवून दिली. आपल्याकडे हवा गरम, त्यामुळे घरचं बेणं दोन-तीन वर्षांत उतरतं, हे आमचे म्हातारे शेतकरी न शिकता सांगतात.

पहिल्या वर्षी ४ कट्टे आणले, किलो-किलोच्या पिशव्या केल्या, फेसबुकवर गच्चीबागेच्या ग्रुपमध्ये टाकलं आणि ३ दिवसात संपलं. मी एकदम हवेत. दुसऱ्या वर्षी १५ कट्टे आणले आणि तिथे आपटलो. बेणं कोल्ड स्टोअरेजमध्ये २ ते ४ डिग्रीला असतं, तिथून बाहेर काढलं की त्याला घाम सुटतो, अक्षरशः पाणी गळतं, ते सावलीत पातळ पसरून ८-१० दिवस ठेवावं लागतं. हे मला माहीत नव्हतं का, तर चांगलं माहीत होतं, अण्णा रोज सांगत होते, पण ऑर्डरी आल्या होत्या आणि लोक कधी पाठवताय कधी पाठवताय करत होते, म्हणून आल्या दिवशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुरिअर केलं. मुंबईत पोचेपर्यंत ४ दिवस. एका ताईंनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवला, आत काळं पाणी आणि वास तर व्हिडिओतून पण येत होता असं वाटलं. ७० जणांचे पैसे परत केले. अण्णा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये बेणं आधी पसरतं मग विकलं जातं, घाई असेल तर दुसरीकडून घ्या असं स्पष्ट सांगतो. बायको रोज सकाळी चाळते, मऊ लागला की बाहेर, पाकोळीचं (बटाटा पोखरणाऱ्या किडीचं) भोक दिसलं की बाहेर. उजेडात ठेवल्यामुळे कोंब आखूड, जाड आणि हिरवट येतात, असा कोंब प्रवासात मोडत नाही. अंधारात ठेवलं की पांढरे लांब दोऱ्यासारखे येतात, ते पिशवीत हात घातला की तुटतात. आणि पॅकिंगला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा बॉक्स, आत वर्तमानपत्र. प्लास्टिक बंद म्हणजे बंद.

२०१९ ला अजून एक दणका बसला. एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या कट्ट्यांवर मार्का जालंधरचा, शिलाई व्यवस्थित, बिल पण होतं, आणि आत खायचा माल. महिनाभर पसरून ठेवला तरी निम्म्याला डोळा फुटला नाही. ते सगळे कट्टे भाजीवाल्याला निम्म्या भावात गेले. आता मी ट्रक उतरवायच्या आधी प्रत्येक लॉटमधले १०-१२ बटाटे घरी आणून आठवडाभर ठेवतो, मगच पुढचं बोलणं. निळा टॅग असलेलं प्रमाणित बेणं मिळालं तर तेच घेतो, पण खरं सांगायचं तर बाजारात बहुतेक माल टॅगशिवाय नुसत्या मार्क्यावर चालतो.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये सगळं जगच गच्चीत झाडं लावायला लागलं, फोन बंद करून ठेवायची वेळ आली. त्याच काळात लोकांनी ऑनलाइन बटाट्याच्या बियांची पाकिटं घेतली, जांभळे निळे लाल फोटो बघून. अहो बटाट्याला टोमॅटोसारखं छोटं हिरवं फळ येतं आणि त्यात बी असतं हे खरं आहे (ते फळ विषारी, खायचं नाही), पण त्या बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं, फोटोतल्यासारखं काही येत नाही. आणि पाकिटात मुळात बटाट्याचं बी होतं का तेच देव जाणे. लावायचं ते बेणं, म्हणजे बटाटाच.

आता वाणांचं. लोक विचारतात सगळ्यांच्या नावात कुफरी कसं काय, ती कंपनी आहे का. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, तिथे या वाणांचे संकर केले जातात म्हणून ते नाव. आम्ही आधी वाण निवडत नाही, आधी विचारतो कुठे राहता आणि डिसेंबरात रात्री पांघरूण लागतं का. हसू नका, सगळं त्यावरच आहे. रात्र थंड नसेल तर झाड मस्त वाढतं, पाला कमरेएवढा, आणि खाली काही नाही. ठाण्याच्या एका काकूंनी फेब्रुवारीत लावलं होतं, फोटो इतका हिरवागार की आम्ही पण खूश, आणि एप्रिलमध्ये उपटलं तर मुळ्या. म्हणून मुंबई ठाण्याला नोव्हेंबर संपता संपता लावा आणि कुफरी सूर्या घ्या, २००६ चं वाण आहे, गरमी त्यातल्या त्यात सोसतं. पुणे नाशिक साताऱ्याला दिवाळीच्या आसपास पुखराज, ७५-८० दिवसांत काढायला येतो, भरपूर लागतो, पण चवीला पाणचट, माझं मत विचाराल तर भाजीला चंद्रमुखीच. पावसाळ्यात लावायचं असेल तर ज्योती, कारण करपा रोगापुढे पुखराजपेक्षा जरा टिकते. कुफरी लवकर म्हणून १९७२ चं एक वाण आपल्या दख्खनच्या पठारासाठीच काढलेलं, अण्णा अजून त्याची आठवण काढतात, पण मला चांगलं बेणं मिळत नाही म्हणून ठेवत नाही. नीलकंठ मागवणाऱ्यांनी आधी वाचा, साल जांभळं आहे, आतून पिवळसर पांढराच आहे. दर वर्षी ५-६ जण आमच्याशी यावरून भांडतात. वेफर्सवाले वाण शेतकरी कंपनीशी करार करून लावतात, ते आमच्याकडे मागू नका.

गच्चीसाठी ३०-४० ग्रॅमचा अख्खा बटाटा लावा, कापू नका, कुंडीत कापलेली फोड सडते. १५ इंची ग्रो बॅगला दोन पुरे. अर्धी बॅग भरून लावायचं आणि झाड वाढेल तशी माती चढवायची, आमच्याकडे याला भर लावणं म्हणतात, नाहीतर बटाटा उघडा पडून हिरवा होतो आणि हिरवा खायचा नाही. आणि किलोला १० किलो निघेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, गच्चीत एकास चार-पाच निघालं तरी पेढे वाटा.

यंदा ६० कट्टे सांगितलेत, परवाना रिन्यू झाला, शेडला वरून शेडनेट टाकली. अण्णा आता ७४ चे, पण कट्टा फोडायचा मान त्यांचाच, सुरी घेऊन खुर्ची टाकून बसतात आणि पहिला बटाटा कापून नाकाला लावतात. त्या ठाण्याच्या काकूंनी मागच्या वर्षी सूर्या लावला, नोव्हेंबर संपता संपता लावलेला तो, मार्चच्या सुरुवातीला किचनच्या वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवला, एका बॅगेत ११ बटाटे, ९४० ग्रॅम. खाली लिहिलं होतं की दादा यंदा लाल सालीचा पाठवा, सिंदुरी का काय तो. मी म्हटलं काकू त्याला ११०-१२० दिवस लागतात, ठाण्यात तेवढी थंडी कुठून आणू. तरी त्यांनी ऑर्डर टाकलीच आहे. मी अजून पाठवलेला नाही.