दोरीवाल्या काकांच्या फेऱ्या

१९ जानेवारी, रात्री

मनूची निबंधाची वही आज तपासून आली. विषय होता उत्तरायण. १० पैकी ३ गुण आणि खाली लाल शाईत ‘विषयांतर. लिहून दिल्याप्रमाणे लिहिणे.’

लिहून दिलेला निबंध मी पाहिला होता. १४ जानेवारी, सूर्याचा मकर राशीत प्रवेश, चिक्की, उंधियू, जिलेबी. चूक काहीच नाही. मनूने मात्र सुरुवातच केली होती बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या नाक्यावर पतंगाची दोरी रंगवणाऱ्या काकांपासून. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात, तरी बोटं कापतात. लुगदीत काचेची पूड असते. दोन खांबांमध्ये दोरी ताणून ते सारखे इकडून तिकडे चालतात. ‘मी पंचवीस फेऱ्या मोजल्या, मग आई म्हणाली चल.’

हे वाक्य वाचून मी वही मिटली. घाई मलाच होती तेव्हा. आणि निबंधाच्या आदल्या रात्री ‘बाईंनी दिलंय तेच पाठ कर’ असं तिला सांगणारीही मीच.

शाळेला सरसकट नावं ठेवायला मात्र मन धजत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून माझी आजी शाळेत गेली. नाहीतर तिला कोण पाठवणार होतं? तिची हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. स्वतः सयाजीराव कवळाणे या खेड्यातून बडोद्याला आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षराची किंमत त्यांना पुरती कळली होती. पण त्यांनी मुलांना नुसतं पाठांतराला बसवलं नाही. १८९० मध्ये कलाभवन काढलं. तिथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. हात, डोळे आणि डोकं एकत्र चालवायला शिकवणारी शाळा याच गावात होऊन गेली आहे.

मनूला लिहिता येतं ते शाळेमुळे, हे मी विसरत नाही. काका दिसले ते तिचे तिला. दोन्ही एका पानावर आलं, शिकण्यातून याहून वेगळं काय हवं असतं? एका वर्गात पन्नास मुलं, पन्नास वेगळे निबंध तपासणं सोपं नाही, तेही कळतं. पण दहाव्या वर्षी मूल जर हे शिकलं की आपण पाहिलेलं लिहायचं नसतं, तर पुढे ते पाहणंच सोडून देईल. मला भीती वाटते ती याची.

संध्याकाळी तिने बाईंनी दिलेला निबंध सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. ‘आता बरोबर आहे ना?’ म्हणाली. मला हो म्हणवेना.

मंगळवारी बाईंना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. मनूचा पहिला निबंध त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचायचा आहे, पंचवीस फेऱ्यांपर्यंत.