दुसरा भाग संपला, आणि फ्रोडो अजून आतच आहे

काल रात्री दीड वाजता 'द टू टॉवर्स', म्हणजे टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग, संपलं आणि नंतर झोपच लागली नाही. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे मी सगळंच सांगणार आहे. नवीन असाल तर एवढंच: फ्रोडो आणि त्याचा सेवक सॅम एक दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेत.

पहिल्याच प्रकरणात त्यांच्यासोबत निघालेला बोरोमिर गेला. त्याला होडीत ठेवून नदीत सोडतात तिथे डोळ्यांत पाणी आलं, आणि मग फ्रोडो-सॅम जे दिसेनासे होतात ते तब्बल अकरा प्रकरणं. मला इतका राग आला! म्हणजे रोहनचे घोडेस्वार मस्तच आहेत, चालताबोलता झाडासारखा ट्रीबिअर्ड तर फारच आवडला, पण मी आपली पानं पुढे उलटून बघतेय की आता तरी त्या दोघांचं नाव येईल. नाही म्हणजे नाही. मग पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो आणि त्या दहा प्रकरणांत फ्रोडो, सॅम, त्यांचा वाटाड्या गॉलम आणि वाटेत भेटतील तेवढीच माणसं, आता बाकीच्यांचा पत्ता नाही. २००२ च्या सिनेमात थोडं इकडचं थोडं तिकडचं असं दाखवलंय त्यामुळे ही तगमग होतच नाही, पुस्तकात मात्र मागे राहिलेल्या सोबत्याला, अॅरागॉर्नला, जेवढं माहीत नाही तेवढंच आपल्यालाही माहीत नसतं, आणि मला आता वाटतं की असंच हवं होतं. बोरोमिरचा भाऊ फारामिर पण पुस्तकातला जास्त खरा वाटला, तो अंगठीच्या मोहात पडत नाही, त्यांना सरळ जाऊ देतो.

आमच्या दांडिया बाजारच्या घरात संध्याकाळी आजी वाती वळत बसते तेव्हा मी तिला दिवसभरात वाचलेलं मराठीत सांगते. सॅमच्या पिशवीत तळाशी एक चपटी लाकडी डबी असते, त्यात जपून ठेवलेलं थोडंसं मीठ, आता संपत आलेलं. हे ऐकून आजीचा हात थांबला. "घरचं वळण चांगलं दिसतंय पोराचं," म्हणाली. तेव्हापासून सॅम तिचा.

म्हणून शेवटची दोन प्रकरणं आज सांगताना मला भीतीच वाटत होती. शीलॉब, ती प्रचंड कोळीण, फ्रोडोला डंख मारते, सॅम तिला पळवून लावतो पण फ्रोडो गार पडलेला, हाक मारली तरी ओ नाही. आजी लगेच म्हणाली, "लक्ष्मणाला शक्ती लागली तसंच की गं. मग आता द्रोणागिरी कोण आणणार?" कोणीच नाही ना आजी, तिथे मारुती नाहीये. सॅम रडतो, मग अंगठी स्वतःकडे घेतो आणि मालकाला तिथेच ठेवून एकटा पुढे निघतो, कारण काम तर पूर्ण व्हायलाच हवं.

आजीला हे अजिबात पटलं नाही. "राम लक्ष्मणाला टाकून पुढे गेला असता का?" मी म्हटलं अगं, तो मेलाय असंच सॅमला वाटलं ना, आणि तो थांबला असता तर सगळंच बुडालं असतं. तरी नाही. आणि खरं सांगायचं तर पुस्तकही आजीच्याच बाजूने आहे, कारण थोड्याच वेळात ऑर्क लोकांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या, बोलण्यातून सॅमला कळतं की फ्रोडो नुसता बेशुद्ध आहे, आणि त्याला जाणवतं की आतून आपल्याला हे माहीत होतं, आपण डोक्याचं ऐकलं. ऑर्क फ्रोडोला उचलून आत नेतात, सॅम धावत जातो तर दरवाजा बंद. तिथेच पुस्तक संपतं!

टोल्किनला खरं तर हे सगळं एकच पुस्तक म्हणून छापायला हवं होतं, प्रकाशकांनी खर्चापायी तीन भाग केले. दुसरा भाग आला नोव्हेंबर १९५४ मध्ये आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे त्या बंद दरवाजाबाहेर लोक अकरा महिने उभे होते. कसे राहिले असतील!

माझा तिसरा भाग दादाकडे अहमदाबादला आहे, रविवारी येताना आणतो म्हणाला. आजी मघाशी वाती तशाच ठेवून उठली, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "रविवार कशाला, त्याला म्हणावं उद्याच ये, पोरगं आत अडकलंय."