‘पण तुमचं खरं गाणं कोणतं?’

मध्यंतरात चहा घेताना, लग्नाच्या पंगतीत, सवाईच्या मांडवाबाहेर रांगेत, सगळीकडे हाच प्रश्न: ‘ते जॅझ वगैरे ठीक आहे हो, पण तुमचं खरं गाणं कोणतं?’ कोरेगाव पार्कात माझं जॅझ ऐकायला येणारे तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात. मी मध्येच थोडी आलापी घालावी असं त्यांना वाटतं. इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच, तर नीट सांगते.

मी फ्यूजन, म्हणजे दोन्हींची मिसळ, गात नाही. ख्याल गाते तेव्हा ख्याल गाते, आणि स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या गात आलेलं गाणं, गाते तेव्हा तेच गाते. आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळही नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात जॅझ वाजत होतं. गोव्याच्या वादकांनी ते हिंदी चित्रपटसंगीतात नेलं. शास्त्रीय गाणं शिकलेल्या मुंबईच्या आशा पुथली १९७१ साली अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी गायल्या.

हे दाखले मी वादात फेकते आणि समोरचा गप्प बसतो. मी मात्र गप्प बसू शकत नाही, कारण हा प्रश्न मला आधी बाईंनी विचारला होता.

सदाशिव पेठेत बाईंकडे मी शाळेत असल्यापासून शिकते. मी ‘तिकडे’ गाते हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्या रागावल्या नाहीत. मिरजेचा तंबोरा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘तिथे गातेस ते म्हण.’

‘बाई, त्याला पियानो लागतो.’

‘गळा आहे ना?’

तंबोरा लावला आणि गायले. त्या गाण्यात आठ-आठ बारचे, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटांचे, चार तुकडे असतात. पहिले दोन निभावले. तिसऱ्यात गाणं भलतीकडे वळतं, आणि तंबोरा आपला जागचा हलेना. खाली पियानो असला की मी स्वर तोच धरून ठेवते आणि त्याचं नातं बदलत जातं. सी मेजर या कॉर्डवरचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांवरचा, माझा सा ए मायनरवर कोमल गंधार होतो, एफ मेजरवर पंचम. त्या गाण्याचा जीवच त्यात आहे. तंबोऱ्यावर ते सगळं पुसलं गेलं. नुसते बेवारस स्वर उरले. माझा गळा कोरडा पडला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘सूर लागतायत गं. पण तुझा सा कुठे आहे?’

‘तो बदलतो, बाई.’

‘सा बदलतो?’

पुढे काही बोलल्या नाहीत. जोग रागातली जुनी बंदिश म्हणायला सांगितली.

त्यानंतर त्यांनी मला नवी बंदिश दिलेली नाही. तालीम बंद नाही. मी जाते, जुनं घोटते, पाया पडून निघते. बाकीच्यांना नवं मिळतं ते माझ्यासमोरच मिळतं. हे मला फार लागतं.

पंचविशीत मी स्टेजवरून ठासून सांगायचे की सूर सगळीकडे सारखाच. ब्लूजमधला तो शुद्ध आणि कोमल यांच्या मधला गंधार गाताना मला जोग आठवायचा. आज म्हणते, नाही, सारखा नाही. जोगात दोन्ही गंधार आहेत, पण कोमलावर यायची वाट ठरलेली आहे. ब्लूजमध्ये तो मेजर कॉर्डवर मुद्दाम घासायचा असतो. तरी त्या पंचविशीतल्या मुलीला खोटं पाडवत नाही. तसं वाटलं म्हणून तर ती तिकडे वळली.

एकामुळे दुसरं सोपं होतं, हाही गैरसमज. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गळ्यात इतकी मुरलीय की इंग्रजी शब्द नको तिथे ओढले जातात. अजून त्यावर मेहनत चालू आहे. सकाळी खर्ज भरते ते माझं खरं गाणं आहे, आणि रात्री ड्रमवर ब्रश फिरत असताना शब्द जाणूनबुजून मागे ठेवते, तेही.

बाई चुकल्या असं माझ्याने म्हणवत नाही. त्यांच्यासाठी ते गाणं सोडवतही नाही. गुरुवारी तालमीला जाईन, शनिवारी ट्रिओबरोबर गाईन. तुम्ही दोन्ही ऐकायला या, आणि मग भांडा माझ्याशी.