बे डायकर की पीटर्सचा डायकर: ट्रॅप कॅमेऱ्याच्या क्लिपमधली जोडी

मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या जंगलात ट्रॅप कॅमेऱ्यांनी (जनावर समोरून गेलं की आपोआप चालू होणाऱ्या) टिपलेल्या क्लिप ओळखताना आता तांबड्या डायकरांचाच, म्हणजे तिथल्या छोट्या कुरंगांचाच, ढीग उरलाय. निळा डायकर सशाहून जरासाच मोठा, तो पटकन सुटतो. पिवळ्या पाठीचा तर लांबूनच कळतो. अडतं ते बे आणि पीटर्सच्या डायकरपाशी. दोघंही तांबूस, दोघांच्या पाठीवर काळा पट्टा, वजन २० किलोच्या आसपास. सह्याद्रीत भेकर पाहिलेल्याला आधी तेच आठवतं; पण डायकर कुरंगांच्या कुळातले, शिंगं कायमची, आणि या दोन्ही जातींत ती माद्यांनाही येतात.

क्लिप लागली की मी आधी पाठ बघतो. बे डायकरचा पट्टा मानेपासून निघून थेट शेपटीपर्यंत जातो. पीटर्सचा पाठीच्या मध्यावर कुठेतरी सुरू होतो आणि रुंदावत पुठ्ठ्यांवर पसरतो. त्यामुळे जनावर कॅमेऱ्याकडे पाठ करून निघालं की मला आनंदच होतो, समोरून नाक खुपसणारी क्लिप फारशी कामाची नाही. बांध्यातही फरक आहे. बे ठेंगणा, आखूड आणि गडद पायांचा. रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये तांबडा रंग जातो, पट्टाही कधीकधी राखाडीत विरतो. तेव्हा मान आणि पाय यांच्यावरच भिस्त.

खरा मोह घड्याळाचा. गॅबॉनमधल्या मकोकू गावाजवळ संशोधक जेरार दुबोस्त यांनी या जंगलातल्या डायकरांचा अभ्यास केला होता. जमिनीवर पडलेल्या फळांवर ही दोघंही जगतात. पीटर्सची दिवसपाळी, बेची रात्रपाळी. म्हणजे रात्रीचा दिसला की बे लिहून मोकळं व्हावं? मी ते करत नाही. कॅमेऱ्याची वेळ चुकीची लावलेली असू शकते. शिवाय वेळेवरून नाव दिलं, तर कोण कधी हिंडतं याचं उत्तर आपणच आधी भरून ठेवल्यासारखं होतं. म्हणून वेळेचा रकाना मी शेवटी उघडतो.

ही काटेकोरी उगाच नाही. बॅटरीच्या झोतात बे डायकर जागीच थिजतो, आणि रात्रीच्या शिकारीत तो सहज सापडतो. त्याच्या नोंदी पीटर्सच्या खात्यात गेल्या, तर घट दिसणारच नाही.

पुढचा ढीग काळ्या कपाळाच्या डायकरचा: लांब पाय, लांबट खूर, दलदलीत रमणारा. त्याच्या पिलांच्या स्पष्ट क्लिप कुणाकडे असतील तर कळवा, मला तिथेच अडायला होतंय.