खोलीचं तापमान

"मॅडम, आधा या पूरा?"

ऑपरेशन थिएटरमधून सर्जनचा फोन आला, थायरॉइड ग्रंथी अर्धीच काढायची की पूर्ण, तेव्हा पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझी नजर अजून स्लाइडवरच होती. तिकडे बाई भूल देऊन टेबलावर, मान उघडी. इकडे त्यांच्या थायरॉइडचा उजवा भाग, क्रायोस्टॅटमध्ये उणे २० अंशांना गोठवून कापलेला. ऑपरेशन चालू असताना करायच्या अशा तपासणीला, म्हणजे फ्रोझनला, वीसेक मिनिटं मिळतात, त्यातली चौदा संपली होती.

त्या बाई दोन आठवड्यांपूर्वी माझ्याकडेच सुईच्या तपासणीला (एफएनएसी) आल्या होत्या. इंदूरच्या रामबागेतल्या, वय ४७, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. मी मराठीत बोलले तेव्हा त्यांनी मुठीत धरलेला पदर सोडला. "ताई, आवाज जाणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. रिपोर्ट माझ्याच सहीने गेला: पॅपिलरी या थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरचा दाट संशय, बेथेस्डा या सहा श्रेणींच्या पद्धतीत पाचवी श्रेणी. तसं लिहायला कारण होतं. पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या दाण्यावर असते तशी लांब खाच होती आणि काही केंद्रकांत ती गोल, फिकट, काठ रेखीव असलेली पोकळी दिसत होती. पॅपिलरी ओळखायला आम्हाला पहिल्या वर्षापासून हीच दोन चिन्हं शिकवलेली असतात.

फ्रोझनमध्ये केंद्रकाचे बारकावे बिघडतात. एरवी मी त्यावर चिडते. त्या दिवशी मात्र तेच उपयोगी पडलं. केंद्रकं नीट दिसत नव्हती म्हणून मी कमी मोठं दाखवणारी लेन्स लावून सगळी गाठ एका नजरेत पाहिली. पॅपिलरीत दिसायला हव्यात तशा, मध्ये रक्तवाहिनी असलेल्या फांद्या कुठेच नव्हत्या. पेशी लांबट पट्ट्यांत मांडलेल्या, पट्ट्याच्या लांबीला काटकोनात उभ्या, आणि मधल्या जागेत गुळगुळीत गुलाबी पदार्थ. गाठीची कड स्वच्छ.

हा गुलाबी पदार्थ अमायलॉइड, म्हणजे साचलेलं एक प्रथिन, असेल तर प्रकरण फारच वेगळं. मग तो मेड्युलरी हा थायरॉइडचा दुसरा कॅन्सर, त्यात पूर्ण ग्रंथी आणि मानेतल्या मधल्या लसिकाग्रंथीही काढायला लागतात. मेड्युलरीत रक्तात वाढणारं कॅल्सिटोनिन शस्त्रक्रियेआधी कोणी मागवलेलं नव्हतं. माझ्या मनात तिसरंही एक नाव होतं. पंधरा वर्षांत ते मी एकदाच, तेही परिषदेतल्या पडद्यावर पाहिलेलं.

"अभी आधा ही रहने दीजिए. पक्का पॅराफिन पर बताऊँगी."

"एफएनएसी में तो आपने ही पॅपिलरी लिखा था."

"लिखा था."

तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याची अडचण मला कळत होती. उद्या मी "मेड्युलरी" म्हटलं असतं तर तीच मान पुन्हा उघडायची वेळ त्याच्यावर आली असती. पण पॅपिलरी निघाला तरी २.२ सेंटिमीटरची, एका बाजूची, ग्रंथीबाहेर न गेलेली गाठ अर्ध्या ग्रंथीवर भागू शकते. आणि दुसरा भाग आज काढला की जन्मभराची थायरॉइडची गोळी आलीच. "ठीक है," म्हणून त्याने फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शनिवारी पॅराफिनच्या, म्हणजे मेणात बसवून कापलेल्या पक्क्या स्लाइड आल्या. गाठीचा सगळा काठ मी ब्लॉकमध्ये घ्यायला लावला होता. आवरण किंवा रक्तवाहिनी कुठेच भेदलेली नव्हती. काँगो रेड हा रंग लावला, ध्रुवीकृत प्रकाशात हिरवी झाक आली नाही, म्हणजे अमायलॉइड नाही. पीएएस या दुसऱ्या रंगाने तोच पदार्थ गडद रंगला. कॅल्सिटोनिन निगेटिव्ह, थायरॉइडच्या नेहमीच्या पेशींचं थायरोग्लोब्युलिन पॉझिटिव्ह. मेड्युलरी बाद झाला. उरलं ते तिसरं नाव: हायलिनायझिंग ट्रॅबेक्युलर ट्यूमर. १९८७ साली मेयो क्लिनिकच्या एडन कार्नी आणि सहकाऱ्यांनी या गाठीचं सविस्तर वर्णन केलं. केंद्रक पॅपिलरीसारखं, मांडणी आणि गुलाबी पदार्थ मेड्युलरीसारखा, वागणूक मात्र या दोघांसारखी नाही. ही गाठ पसरल्याची उदाहरणं अगदी अपवादात्मक आहेत, आणि २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती कमी जोखमीच्या गाठींमध्ये आहे.

खात्रीसाठी एक चाचणी आहे. एमआयबी-१ ही अँटीबॉडी एरवी विभाजन पावणाऱ्या पेशींची केंद्रकं रंगवते. या गाठीत मात्र ती पेशीची कड रंगवते. मी मशीनवर लावली. सोमवारी स्लाइड हातात आली तर इथे तिथे एखादं तपकिरी केंद्रक, बाकी काही नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. तेव्हा वाटलं की चूक माझीच. पॅपिलरीच आहे आणि आधीच्या रिपोर्टची खंत मला भलतीकडे ओढते आहे.

चहा झाल्यावर आठवलं. हे कडेचं रंगणं खोलीच्या तापमानाला होतं. आमचं मशीन ३७ अंशांवर चालतं.

आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांना विचारलं, "हाताने कराल?" ते म्हणाले, "करतो की. पण मॅडम, खोली कुठली? आपल्या खोलीत आज ३८ आहे." बरोबर होतं. इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर ४२ असताना, आमची स्टेनिंगची खोली मशीनपेक्षा गरम होती. एसी फक्त माझ्या रिपोर्टिंगच्या खोलीत.

दादांनी स्लाइड प्रेशर कुकरमध्ये बफरसह उकळल्या, निवू दिल्या, मग स्टीलच्या चपट्या डब्यात ओला फिल्टर पेपर घालून त्यावर आडव्या मांडल्या. डबा माझ्या टेबलावर, एसीच्या झोताखाली ठेवला आणि शेजारी थर्मामीटर: २४. शेजारच्या स्लाइडवर टॉन्सिलचा तुकडा, कंट्रोल म्हणून. तासभर आम्ही दोघांनी त्या खोलीचं दार कोणाला उघडू दिलं नाही.

संध्याकाळी सव्वासहाला स्लाइड स्टेजवर ठेवली. आधी टॉन्सिल पाहिला: फक्त केंद्रकं तपकिरी, म्हणजे रंग बरोबर लागलाय. मग गाठ. कोणीतरी बारीक पेन्सिलीने प्रत्येक पेशीची कड गिरवत गेल्यासारखी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दादांना आयपीसपाशी बसवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे मशीनने खाल्लं होतं."

पॅपिलरीत बऱ्याचदा सापडणाऱ्या बीआरएएफ जनुकातल्या बदलाची चाचणीही निगेटिव्ह आली. या गाठीत बहुधा पीएएक्स८ आणि जीएलआयएस३ ही दोन जनुकं जोडली गेलेली असतात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन. ती चाचणी आम्ही केली नाही. त्या कुटुंबाला तो खर्च सांगण्याइतकी गरज आता मला वाटत नव्हती.

रिपोर्ट घ्यायला बाई आणि त्यांचे यजमान दोघं आले. गळ्यावर पातळ पट्टी, आवाज स्वच्छ. दुसरी शस्त्रक्रिया नाही, किरणोत्सारी आयोडीन नाही, सहा आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची चाचणी) पाहू आणि वर्षाला सोनोग्राफी, असं मी सांगितलं. यजमान रिपोर्टच्या घडीवर घडी घालत होते. बाईंनी सरळ विचारलं, "मग आधी कॅन्सर का म्हणालात?"

त्यांना तो प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. मी सुईच्या तपासणीची जुनी स्लाइड मॉनिटरवर लावली. केंद्रकांतली खाच दाखवली, पोकळी दाखवली. मग पेशींच्या पुंजक्यांमधले गुलाबी ठिपके दाखवले. त्यांच्याभोवती पेशी किरणांसारख्या लागलेल्या होत्या. "हे तेव्हाही इथेच होतं. मी त्याला कोलॉइड, म्हणजे थायरॉइडमध्ये एरवीही असणारा पदार्थ, समजून पुढे गेले." बाईंनी पडद्याला बोट लावलं, जवळजवळ माझ्या हातावरच. "आणि तुम्हाला ऑपरेशनच्या दिवशी दिसलं?"

"हो. ऑपरेशन चालू असताना."

त्या गेल्यावर मी दादांना गेल्या तीन वर्षांतल्या थायरॉइडच्या पाचव्या आणि सहाव्या श्रेणीच्या सगळ्या स्लाइड काढायला सांगितल्या. आठ ट्रे निघाले. पहिला त्याच संध्याकाळी घेतला.