उदाहरणार्थ पंचवीस

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती इंजिनिअरिंगला असताना, हॉस्टेलमध्ये. तेव्हा जाम मजा आली होती. पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, हॉस्टेलवर राहतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षांची वाट लावतो आणि शेवटी गावी परत जातो, म्हणजे आमचीच गोष्ट की. त्याच्या तोंडचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' तर आम्ही महिनाभर प्रत्येक वाक्यात घालत होतो, चहा उदाहरणार्थ कटिंग वगैरे. बस, एवढंच डोक्यात राहिलं.

आता रोज ठाण्याहून घणसोलीला जातो, ट्रान्स हार्बर लोकलने. सकाळी बसायला मिळालं तर दहा-पंधरा मिनिटं वाचन होतं, नाहीतर ऐरोलीपर्यंत समोरच्याची सॅक तोंडावर. मध्यंतरी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (१८९३ पासून चालू आहे, आणि आम्ही ठाणेकर मॉलचा पत्ता सांगतो) कादंबऱ्यांवरच्या लेखांचं एक जुनं पुस्तक हाताला लागलं आणि घेऊन आलो. आई म्हणाली, "पुस्तक वाचलंस ना एकदा, मग पुस्तकावरचं पुस्तक कशाला?" खरं सांगायचं तर पहिले दोन लेख वाचून मलाही तेच वाटलं. अस्तित्ववाद, संज्ञाप्रवाह, एका वाक्यात चार सिद्धांत, रबाळे येईपर्यंत डोळे मिटले.

पण तिसऱ्या लेखात एकच साधा प्रश्न होता: हा माणूस पहिल्याच पानावर आपलं वय 'उदाहरणार्थ पंचवीस' असं का सांगतो? स्वतःचं वय कुणी उदाहरणार्थ सांगतं का? लेख लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की ही नुसती बोलण्याची लकब नाही, या पोराला स्वतःबद्दल काहीच ठामपणे बोलवत नाहीये, म्हणून तो स्वतःलाही नमुना म्हणून पुढे करतोय.

घरी येऊन कोसला काढली आणि तेव्हा कुठे अर्पणपत्रिका दिसली. शंभरातील नव्व्याण्णवास. इतक्या वर्षांत ते पान मी वाचलंच नव्हतं, अर्पणपत्रिका कोण वाचतं. आता तो 'उदाहरणार्थ' आणि हे नव्व्याण्णव जोडून बघा. तो उदाहरण आहे तर कशाचं, त्या नव्व्याण्णवांचंच ना? सगळं पुस्तकभर वेगळं व्हायची धडपड, आणि पहिला शब्द बोलायच्या आधीच नेमाड्यांनी त्याला गर्दीत उभं केलंय. हे त्या लेखात नव्हतं हां, हे मला सुचलं, पण तो प्रश्न वाचला नसता तर सुचलं नसतं. हॉस्टेलात जो विनोद वाटला होता तो आता जरा घशात अडकतो.

तसा तो लेख सगळा पटला असं नाही. मनू, म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते, तो अख्खा भाग लेखवाल्याने 'मृत्यूची जाणीव' म्हणून दोन ओळींत उरकलाय. अरे, त्यानंतर पांडुरंग अजिंठ्याला जातो ते काय सहल म्हणून? तिथे बुद्धासमोर उभा राहूनही त्याला मनूच आठवते. १९६३ची कादंबरी, तेव्हा देवी हा घरोघरचा धसका होता, जाणीव वगैरे नंतर.

हे आईला तावातावाने सांगत होतो तर तिने पुस्तकच काढून घेतलं, दे इकडे बघू म्हणाली. मनूचा भाग तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजलं नाही. मग दंडावरचा देवीच्या लसीचा तो गोल व्रण चोळत म्हणाली, "आम्हाला टोचायला यायचे ना शाळेत, मी संडासात लपले होते."

दोन आठवडे झाले, कोसला अजून तिच्याकडेच आहे. ग्रंथ संग्रहालयाचं पुस्तक मात्र शनिवारी परत करायचंय.