गोकाकचा खडक आणि आकाशगंगेतले शेजारी

आकाशगंगेत आपल्याखेरीज आणखी कुठे बुद्धिमान जीव असतील का, असा प्रश्न निघाला की बहुतेक जण आकडे पुढे करतात. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत, आणि १९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडल्यापासून पाच हजारांहून अधिक परग्रहांची खात्री पटली आहे. मग एवढ्या पसाऱ्यात आपण एकटेच कसे असू, असा तो युक्तिवाद. मला तो अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खडकांत आहे.

गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तो कडा वालुकाश्माचा आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या खडकाला हात लावून पाहावा. खरखरीत दगड, एकावर एक बसलेले वाळूचे थर, आणि कितीही शोधले तरी त्यात ना शिंपला, ना हाड, ना पानाचा ठसा. ही वाळू साचली तेव्हा पृथ्वीवर प्राणी अवतरलेच नव्हते. जीव होते, पण ते जवळजवळ सगळे डोळ्यांना न दिसणारे. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे वय निदान साडेतीनशे कोटी वर्षे आहे. त्यांतला बहुतांश काळ सूक्ष्मजीवांचा होता, प्राण्यांच्या वाट्याला शेवटची साठेक कोटी वर्षे आली, माणसाच्या वाट्याला सुमारे तीन लाख, आणि रेडिओ लहरींनी संदेश पाठवण्याची विद्या हाती येऊन तर जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षे झाली आहेत.

बरे, ही वाटचाल अशीच व्हायला हवी होती, असेही नाही. बेळगावच्या बाजूला आले की काळा बेसाल्ट भेटतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातानपाशी एक प्रचंड लघुग्रह आदळला, पुढे डायनोसॉर नामशेष झाले आणि सस्तन प्राण्यांना मोकळे रान मिळाले. तो आघात चुकला असता, तर हा प्रश्न विचारायला आपण इथे असतो, असे मला वाटत नाही. म्हणूनच माझे मत असे झाले आहे की सूक्ष्मजीव आकाशगंगेत ठिकठिकाणी असतील, परंतु दुर्बिणी बांधणारे जीव अतिशय विरळ असतील.

१९६१ साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथे खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अशा संस्कृतींच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी एक सूत्र मांडले. त्यातला शेवटचा घटक म्हणजे अशी संस्कृती संदेश पाठवण्याच्या स्थितीत किती वर्षे टिकते, आणि माझ्या मते सगळे त्यावरच अडते. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम १३ या तारकागुच्छाच्या दिशेने पाठवलेला संदेश तिथवर जायला सुमारे पंचवीस हजार वर्षे लागणार, आणि उत्तर आलेच तर त्याला तेवढीच. दोन संस्कृती एकाच काळात जाग्या असण्याचा योग जुळला नाही, तर दोघी असूनही एकमेकींच्या लेखी नसल्यासारख्याच. १९५० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी ‘मग ते सगळे आहेत तरी कुठे?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला काळाच्या या चुकामुकीत दिसते.

सूक्ष्मजीवांचा शोध मात्र आपल्या हातातला आहे, आणि त्यात कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचा सहभाग होता याचे मला फार अप्रूप आहे. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी वातावरणाच्या वरच्या थरांतून हवेचे नमुने आणले, त्यांत जिवाणू मिळाले, आणि पुढे जाहीर झालेल्या तीन नव्या प्रजातींपैकी एकीला आर्यभटांचे नाव देण्यात आले. ते जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण प्रश्न हवेतल्या चर्चेतून प्रयोगशाळेत आणायचा तो असा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखालच्या समुद्रात जीवसृष्टीला पोषक परिस्थिती आहे का, एवढेच ते तपासणार आहे. पुढे कधी तिथे पृथ्वीशी नाते नसलेला एखादा जिवाणू सापडलाच, तर माझ्या मताच्या पहिल्या अर्ध्या भागाला पुरावा मिळेल. दुसऱ्या अर्ध्यासाठी रेडिओ दुर्बिणींना कान लावून बसावेच लागेल.